नोरा एकटी त्या घरात: 'सनशाइन क्लीनिंग'मधल्या दोन बहिणींच्या धंद्याचं प्रकरण

एका घरात माणूस गेला आहे. पोलीस आपलं काम करून गेले, मृतदेह हलवला, आणि घर तसंच मागे राहिलं. ते साफ करायचं काम दोन बहिणींनी घेतलं आहे. आज दोघींनी तिथे असायला हवं होतं, पण धाकटी एकटीच आत आहे. थोरली त्या वेळी शाळेतल्या जुन्या मैत्रिणींमध्ये एका डोहाळजेवणाला बसली आहे. तिथून उठून ती कामावर पोचते तेव्हा घर पेटलेलं असतं.

'सनशाइन क्लीनिंग' या अमेरिकी चित्रपटातलं हे प्रकरण. दिग्दर्शिका न्यूझीलंडची क्रिस्टीन जेफ्स, पटकथा मेगन हॉलीची. जानेवारी २००८ मध्ये सनडान्स महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि मार्च २००९ मध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लागला. एमी ॲडम्स थोरली रोझ झाली आहे, एमिली ब्लंट धाकटी नोरा, आणि ॲलन आर्किन त्यांचे वडील जो. आडनाव लॉर्कोव्स्की, गाव न्यू मेक्सिकोतलं अल्बुकर्की. माणसं काल्पनिक आहेत, धंदा नाही. सिॲटलच्या बाजूला असं काम करणाऱ्या दोन बायकांबद्दल हॉलीनं रेडिओवर ऐकलं होतं, तिथून ही पटकथा निघाली.

हा चित्रपट मी बऱ्याचदा पाहिला आहे आणि दर वेळी त्या दुपारपाशी अडखळते. आग मेणबत्तीनं लागली हे खरं. पण भागीदारीला त्याआधीच तडा गेला होता, आणि ज्या एका गोष्टीवर हा धंदा खरोखर उभा राहू शकला असता ती दोघींपैकी कुणी हिशेबातच धरली नव्हती. ते नीट मांडायचं तर गोष्ट शेवटापर्यंत सांगावी लागेल. ज्यांना आधी चित्रपट पाहायचा आहे त्यांनी इथे थांबावं.

दोघी कुठून आल्या

रोझ शाळेत चिअरलीडर मुलींची कॅप्टन होती. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. आता ती लोकांच्या घरी साफसफाईला जाते आणि सात वर्षांच्या ऑस्करला एकटीनं वाढवते. शाळेतला तिचा मित्र मॅक आता पोलीस खात्यात डिटेक्टिव्ह आहे. त्याचं लग्न दुसऱ्याच मुलीशी झालं, तरी रोझ त्याला चोरून मोटेलात भेटते. घरी सांगते की घरं विकण्याच्या परवान्याचा क्लास आहे. आरशावर तिनं एक चिठ्ठी चिकटवली आहे: तू खंबीर आहेस, तू काहीही करू शकतेस, अशा अर्थाची. केस विंचरताना ती ते रोज स्वतःला वाचून दाखवते.

नोरा वडिलांच्या घरी राहते. हॉटेलातली वेट्रेसची नोकरी सुरुवातीलाच जाते. जो हा बाप मोठा गोड माणूस. डोक्यात सतत झटपट पैशाच्या युक्त्या. कधी पॉपकॉर्न विकायला निघतो, कधी कोळंबीच्या पेट्या घेऊन हॉटेलांची दारं ठोठावतो. नातवावर त्याचा जीव आहे. या घरात आईची जागा रिकामी आहे. मुली लहान असताना आईनं आत्महत्या केली आणि बाहेर खेळून घरात आलेल्या मुलींनीच तिला पाहिलं. हे चित्रपट आपल्याला लगेच सांगत नाही, तुकड्यातुकड्यांनी सांगतो.

मग ऑस्करची शाळा कुरबुर करते. पोरगं वस्तू चाटतं, वर्गात बसत नाही, त्याला औषधं सुरू करा. रोझला ते मान्य नाही, ती त्याला खासगी शाळेत घालायचं ठरवते. त्याला पैसे हवेत. मॅक तिला सांगतो की मृत्यू झालेल्या जागा साफ करायला चांगले पैसे मिळतात, ते बघ.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटता कामा नये. कल्पना मॅकची, आणि सुरुवातीचा आधारही त्याच्याच ओळखीचा. ज्या संबंधातून रोझनं केव्हाच बाहेर पडायला हवं होतं, त्याच्यावरच तिचा धंदा टेकलेला. आणि नोरा? तिला कुणी विचारपूर्वक भागीदार केलं नाही. ती रिकामी होती आणि सख्खी बहीण होती, म्हणून आली. कोण किती वेळ देणार, एकीनं दांडी मारली तर काय, पैसे कसे वाटायचे, यातलं काही ठरलं नाही. बहिणी-बहिणींत असलं बोलणं अवघड जातं हे मला कळतं, मनाला लागतं. पण त्या अवघडलेपणाची किंमत पुढे एका तिसऱ्याच माणसाच्या घराला मोजावी लागली.

गादी

त्यांच्या पहिल्यावहिल्या कामांतला एक प्रसंग अजूनही हसवतो. रक्तानं भिजलेली गादी दोघी कशीबशी उचलून बाहेर नेतात आणि नोरा तोल जाऊन त्या गादीवरच पडते. किंचाळणं, मळमळणं, पुन्हा उचलणं, आणि शेवटी ती गादी सरळ कचऱ्याच्या मोठ्या पेटीत. पुढे सफाईच्या सामानाच्या दुकानात विन्स्टन नावाचा शांत, एका हाताचा दुकानदार भेटतो आणि सांगतो की हे असं टाकता येत नाही, यासाठी प्रशिक्षण घ्यावं लागतं, प्रमाणपत्र लागतं. तेव्हा आपण मघाशी कशावर हसलो ते कळतं. क्लिफ्टन कॉलिन्स ज्युनियरनं हा विन्स्टन फार हळुवार केला आहे. चित्रपटात या बहिणींना ज्यानं काहीही न मागता मदत केली असा बाहेरचा माणूस हा एकच.

विन्स्टन सांगतो त्यामागे खरा कायदा आहे. रक्तातून पसरणाऱ्या रोगांपासून कामगारांना वाचवण्यासाठी अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागानं, म्हणजे 'ओशा'नं, १९९१ मध्ये नियम आणले. रक्ताशी संबंध येणाऱ्या कामावर माणूस ठेवला, तर मालकानं त्याला कामाआधी आणि मग दर वर्षी प्रशिक्षण द्यायचं, हातमोजे-मास्क-अंगरखा स्वतःच्या खर्चानं द्यायचा, आणि काम सुरू केल्यापासून कामाच्या दहा दिवसांत हिपॅटायटिस बीची लस फुकट देऊ करायची. ही काळजी उगाच नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. फरशी पुसून निर्जंतुक करता येते. गादी, गालिचा, फरशीखालचं लाकूड हे सगळं रक्त शोषून घेतं, ते पुसून भागत नाही. कापून काढावं लागतं, वेगळ्या पिशव्यांत बंद करून अशा कचऱ्याचा परवाना असलेल्याकडे सोपवावं लागतं. आपल्याकडे दवाखान्यातली पिवळी पिशवी पाहिली असेल, तसंच.

आता गंमत अशी की 'ओशा'चे नियम मालक आणि नोकर यांच्यासाठी आहेत. रोझ आणि नोरा दोघी मालकीणच, पगारावर कुणी नाही. म्हणजे कायद्याच्या चौकटीत त्यांना लस देऊ करायची सक्ती कुणावरच नव्हती. छोट्या घरगुती धंद्यांची हीच अडचण असते. संरक्षण नोकराला मिळतं, आणि स्वतःच राबणारी मालकीण उघड्यावर राहते. रोझ पुढे प्रशिक्षणाला जाते, पुस्तकं वाचते, साधनं घेते, जुनी व्हॅन घेते. शिकायची तिला हौस आहे. चित्रपटभर जिथे तिचा चेहरा खुलतो ती जागा मॅकसोबतची नव्हे, ही आहे. कुणीतरी तिला पुन्हा एका गोष्टीत हुशार मानतंय.

पैसे कोण देतं, हाही प्रश्न आपल्या वाचकाला पडेल. अमेरिकेत पोलीस पुरावे गोळा करतात, सफाई करत नाहीत. ती जबाबदारी घरमालकाची. घराचा विमा असेल तर पुष्कळदा तो खर्च उचलतो. गुन्ह्यात बळी पडलेल्यांच्या कुटुंबांसाठी राज्यांच्या भरपाई योजना आहेत, १९८४ च्या केंद्रीय कायद्यानं त्यांना दंडाच्या रकमेतून निधी मिळतो, आणि त्यातल्या बऱ्याच योजना सफाईचा खर्च देतात. पण आत्महत्या हा गुन्हा धरला जात नाही, त्यामुळे तिथे सहसा ही मदत पोचत नाही. विमा नसेल तर मागे राहिलेल्या माणसालाच फोन फिरवून दर विचारावा लागतो.

पायरीवर

अशाच एका घरी रोझ पोचते. नवऱ्यानं स्वतःला संपवलंय आणि म्हातारी बायको दाराबाहेर बसली आहे. तिला न्यायला कुणीतरी येणार आहे, अजून आलेलं नाही. आत काम पडलं आहे. रोझ तिला विचारते, मी तुमच्यासोबत बसू का? आणि ती बसते. हात हातात. फारसं बोलणं नाही.

या प्रसंगात विनोद नाही, कथानक पुढे सरकत नाही, पण माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. रोझ विकत होती ती सफाई आणखी दहा जण विकत असतील, आणि तिच्यापेक्षा चांगली करत असतील. त्या म्हातारीला पायरीवर जे मिळालं ते दरपत्रकात कुठेच नव्हतं. रोझला ते आपसूक आलं, कारण लहानपणी अशाच एका घराबाहेर ती स्वतः उभी होती आणि तिच्याशेजारी येऊन कुणी बसलं असेल असं चित्रपट पाहून वाटत नाही.

आपल्याकडे घरात मृत्यू झाला की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भात येतो. बायका येऊन घर झाडून-पुसून घेतात, खेड्यात सारवून घेतात, जिथे प्राण गेला तिथे दिवा लागतो. यातली निम्मी कामं सफाईची आहेत आणि निम्मी सोबतीची, आणि ती वेगळी काढता येत नाहीत. शहरातल्या बंद दारांमागे आपल्याकडेही हे आटत चाललं आहे, आणि मृत्यू आत्महत्येचा असेल तर शेजारी आधीच मागे सरतात. अल्बुकर्कीच्या त्या घरापाशी शेजारी कुणी दिसत नाहीत. व्हॅनमधून आलेली एक अनोळखी बाई दिसते.

चित्रपटातल्या कुणालाच हे धंद्याचं भांडवल वाटत नाही, रोझला तर नाहीच. पुढे मैत्रिणींसमोर तिला हे काम शब्दांत सांगावं लागतं आणि त्यात ती अगदी मनापासून बोलते: लोकांच्या आयुष्यात फार मोठं, दुःखाचं काही घडून गेलेलं असतं, तिथे आम्ही जातो आणि ते थोडं सावरतो. ऐकणाऱ्यांचे चेहरे तिच्याबरोबर हलत नाहीत. पण तिनं ते म्हटलं, आणि तेवढं खरं ती आधी कधीच बोलली नव्हती.

नोरानं घरी नेलेल्या गोष्टी

नोराचा मार्ग वेगळा. एका मृत बाईच्या घरात तिला त्या बाईच्या मुलीचे फोटो सापडतात. ते घरच्यांकडे पोचवायचे किंवा टाकायचे, दोन्ही ती करत नाही. स्वतःजवळ ठेवते, त्या मुलीचा, लिनचा, माग काढते, तिच्याशी ओळख वाढवते. लिन रक्त गोळा करण्याच्या केंद्रात काम करते. तिला वाटतं नोराला आपण आवडलो. सत्य बाहेर येतं तेव्हा ती दुखावून दूर होते.

व्यवसायाच्या नजरेनं ही मोठी चूक आहे. या कामात घरातल्या आठवणीच्या वस्तू, कागद, दागिने वेगळे ठेवून कुटुंबाच्या हवाली करायचे असतात, विश्वास त्यावरच चालतो. पण नोराकडे बघताना मला राग येत नाही. रोझ ज्या दुःखाला पायरीवर बसून सामोरी जाते, त्याच दुःखाच्या मागे नोरा चोरपावलानं फिरते. आई गेलेल्या मुलीला शोधणारी ही स्वतः आई गेलेली मुलगी. एकदा ती लिनला रेल्वेच्या पुलाखाली नेते, डोक्यावरून गाडी धडधडत जाते, ठिणग्या पडतात आणि नोरा आकांतानं ओरडते. एमिली ब्लंटनं त्या प्रसंगात जे केलं आहे ते पाहायलाच हवं.

म्हणजे मृत्यूच्या जागी जायचं काम दोघी बहिणींनी घेतलं, दोघींच्या आत एकाच मृत्यूची जखम, आणि त्याबद्दल एकमेकींशी चकार शब्द नाही. रोझला या कामातून वर यायचं होतं. नोराला त्यातून मागे जायचं होतं, आईपर्यंत. एकाच व्हॅनमध्ये बसून दोघी उलट्या दिशांना निघाल्या होत्या.

ती दुपार

एका श्रीमंत घरी सफाई करताना रोझची गाठ शाळेतल्या जुन्या मैत्रिणीशी पडलेली असते. तिच्याकडून बेबी शॉवरचं, म्हणजे तिकडच्या डोहाळजेवणाचं आमंत्रण येतं. बाहेरून पाहिलं तर हे साधं आमंत्रण आहे, टाळता आलं असतं. पण रोझसाठी ते बारा-पंधरा वर्षांनी आलेलं बोलावणं आहे, ज्या जगात ती राणी होती त्या जगाचं. आता सांगायला तिच्याकडे स्वतःचा धंदा आहे. त्याच दिवशी काम येतं. ती नोराला पुढे पाठवते.

नोरा एकटीच त्या घरात शिरते. आत एक मांजर दिसतं, ते बाहेर पळू नये म्हणून ती त्याच्यामागे धावते, आणि त्या गडबडीत मेणबत्तीनं आग लागते. क्षणात घर हातातून जातं. तिनं कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. एका जिवाला वाचवायला ती धावली होती.

मी या दुपारचा दोष नोराच्या पदरात टाकू शकत नाही. अशा जागी एकट्यानं काम करू नये, ही साधी समज आहे. आत काय दिसेल, मनावर काय येईल, शरीराला काय होईल याचा नेम नसतो, म्हणून जोडीनं जायचं. ते मोडायचा निर्णय रोझचा होता. आणि तिलाही पुरतं दोषी धरवत नाही, कारण 'आज मला जमणार नाही, काम उद्यावर टाकू' असं म्हणण्याची सोय त्यांच्या धंद्यात नव्हती. दुसरी माणसं नाहीत, गाठीला पैसा नाही, हातचं काम गेलं तर पुढचं कधी याची खात्री नाही. त्यात विमा नाही. कंत्राटदाराच्या हातून गिऱ्हाइकाचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा असतो, व्हॅनच्या आधी तो घ्यायला हवा होता. पण व्हॅन दिसते, विमा दिसत नाही. भांडवल तुटपुंजं असलं की माणूस दिसणारी वस्तू आधी घेतो. मी स्वतः असते तर वेगळं केलं असतं, असं छातीठोक सांगता येणार नाही.

आणखी एक. रोझनं त्या दिवशी गिऱ्हाइकाला फोन करून एक दिवस मागितला असता तर? मला वाटतं मिळाला असता. पायरीवरच्या बाईशी ती ज्या आवाजात बोलली, त्या आवाजाला माणसं नाही म्हणत नाहीत. पण धंद्यातली रोझ आणि पायरीवरची रोझ यांची अजून ओळख झाली नव्हती.

आगीनंतर

धंदा बुडतो. रोझ पुन्हा लोकांच्या घरी झाडू-पोछा करायला जाते. मॅकच्या बायकोला दिवस गेलेत, आणि रोझ त्याच्याशी असलेला संबंध तोडते. बहिणींचं भांडण होतं, त्यात रोझ म्हणून जाते की तुला कायम सांभाळत राहणं माझ्यानं होणार नाही. ते कठोर आहे आणि खरंही. दोघींमध्ये कधीच न झालेलं बोलणं तिथे होतं, सगळं जळून गेल्यावर.

दोन छोट्या जागा इथे सांगायलाच हव्यात. व्हॅनमध्ये जुना सीबी रेडिओ आहे, ट्रकवाले वापरतात तसा. यावरून आकाशात, स्वर्गात बोलता येतं असं ऑस्करला वाटतं. एके दिवशी रोझ एकटी बसून त्या रेडिओवर आईशी बोलते. दुसरी जागा म्हणजे आईनं कधीकाळी एका चित्रपटात केलेली वेट्रेसची चिमुकली भूमिका. तो तुकडा दोघी वर्षानुवर्षं शोधत असतात आणि शेवटी तो टीव्हीवर लागतो. आई गिऱ्हाइकाला 'पाय' नावाचा गोड पदार्थ घ्यायला सुचवते. एवढंच वाक्य, पण आईचा चेहरा आहे, आवाज आहे. मला तिथे दर वेळी भरून येतं.

हा चित्रपट विनोदी म्हणून विकला गेला आणि त्यात त्याचं नुकसान झालं असं माझं मत आहे. २००६ च्या 'लिटल मिस सनशाइन'च्याच निर्मात्यांनी तो काढला. अल्बुकर्कीतलं घर, एक व्हॅन, आजोबांच्या भूमिकेत आर्किन, नावात सनशाइन, इतकं साम्य की तुलना अटळ होती. आधीच्या चित्रपटासाठी आर्किनला ऑस्कर पुरस्कार मिळाला होता. 'सनशाइन क्लीनिंग'नं अमेरिकेत सुमारे १ कोटी २० लाख डॉलरचा धंदा केला, छोट्या चित्रपटाच्या मानानं बरा. पण पोट धरून हसायला गेलेल्या प्रेक्षकाला ती पायरी कितपत दिसली असेल, कोण जाणे.

शेवटी जो एक गोष्ट करतो जी त्यानं आयुष्यभर पॉपकॉर्न आणि कोळंबीत केली नव्हती. तो स्वतःचं घर विकतो आणि मुलीसाठी नवी गाडी आणतो. गाडीवर लॉर्कोव्स्की हे नाव आणि जुनी पेढी असल्यासारखं कितीतरी आधीचं साल रंगवलेलं. रोझ चकित होते, तर तो म्हणतो की धंद्यातलं खोटं वेगळं आणि आयुष्यातलं खोटं वेगळं. भांडवल म्हणून राहतं घर घालणं हा मोठा जुगार आहे, आणि मला तो बघताना भीती वाटते. या वेळी विमा काढला का, हे चित्रपट सांगत नाही. पण पहिल्यांदाच या धंद्यातला पैसा मॅकच्या ओळखीचा नाही, आणि भागीदारानं आपण काय पणाला लावतोय ते उघड सांगितलं आहे.

नोरा त्या गाडीत नाही. ती स्वतःची गाडी घेऊन गावाबाहेर निघाली आहे, कुठे ते ठरलेलं नाही. बहिणींचा धंदा आता बाप-लेकीचा झाला आहे.